क्विल्टचे ब्लॉक क्रमात ठेवण्यासाठी भिंत, चिठ्ठी की दोऱ्याची साखळी?

क्विल्ट म्हणजे कापडाचे चौकोनी ब्लॉक जोडून शिवलेली गोधडी. त्यातल्या ‘लॉग केबिन’ या पट्ट्यांच्या नक्षीचा ब्लॉक कर्णाच्या एका अंगाला फिकट आणि दुसऱ्या अंगाला गडद असतो, त्यामुळे मांडणीतला एखादा ब्लॉक पाव फेरा जरी फिरला, तरी नक्षी तिथे तुटते आणि ही चूक बहुधा ओळ शिवून झाल्यावरच दिसते. म्हणून क्रम कसा राखायचा, हे जोडणीआधीच ठरवावे लागते.

फ्लॅनेल ताणून लावलेल्या भिंतीवर सुती ब्लॉक टाचणीविना चिकटतात आणि चार पावले मागे जाऊन पाहिले, की रंगांचा तोल लगेच कळतो. मांडणी ठरवण्यासाठी याहून चांगली सोय नाही. मात्र शिवून १२ इंच भरणारा ब्लॉक, चारही बाजूंना शिवणीसाठी सोडलेली पाव इंच माया धरता, साडेबारा इंचांचा असतो. सात ब्लॉकांच्या आठ ओळी मांडायच्या, तर सव्वासात फुटांहून अधिक रुंद आणि सव्वाआठ फुटांहून अधिक उंच भिंत लागते. फ्लॅटमध्ये ती मिळालीच, तरी पंख्याच्या वाऱ्याने ब्लॉक गळतात, आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवून शिवत बसणे कुणालाच मानवत नाही.

चिठ्ठ्यांना जागा लागत नाही. ‘३-५’, म्हणजे तिसऱ्या ओळीतला पाचवा ब्लॉक, असे लिहून चिठ्ठी नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातच टाचली, तर क्रमाबरोबर ब्लॉकची दिशाही टिकते. ओळीओळीने गठ्ठे बांधून काम महिनाभर बाजूला ठेवता येते. कोकणातल्या दमट हवेत साध्या टाचण्या गंजून कापडावर डाग पाडतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलच्या वापराव्यात. कापडावरच पुसट होणाऱ्या पेनने आकडे घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यांतल्या काहींची शाई इस्त्रीच्या उष्णतेने पक्की होते.

तिसरी रीत वेबिंगची, म्हणजे दोऱ्याच्या साखळीची. प्रत्येक ओळीतला पहिला आणि दुसरा ब्लॉक जोडत, मधला दोरा न कापता पुढच्या ओळीकडे जायचे. मग त्याच क्रमाने तिसरा स्तंभ, चौथा, असे करत शेवटी सर्व ओळी दोऱ्यांनीच एकमेकींना बांधलेल्या राहतात. ब्लॉक हरवणे किंवा ओळी उलटसुलट होणे इथे जवळजवळ अशक्य आहे, आणि शिवणकामही भरभर होते. अडचण इस्त्रीची आहे: सांधे नीट बसावेत म्हणून शिवणी एका ओळीत डावीकडे, तर पुढच्या ओळीत उजवीकडे दाबाव्या लागतात, आणि सगळा पसारा एकत्र बांधलेला असताना ते मोठ्या क्विल्टमध्ये जिकिरीचे होते. शिवाय मध्येच एखादा ब्लॉक बदलावासा वाटला, तर उसवण्याला पर्याय नाही.

रोज थोडाच वेळ मिळत असेल, तर चिठ्ठ्याच निवडाव्यात. सलग दोन-तीन दिवस हाताशी असतील आणि मांडणी पक्की असेल, तर वेबिंग सरस ठरते. त्यातही पहिले दोन स्तंभ शिवून होईपर्यंत चिठ्ठ्या काढू नयेत. भिंत नसेल तर ब्लॉक पलंगावर मांडून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. फिकट-गडद बाजूंची गफलत त्यात रंगीत फोटोपेक्षा लवकर सापडते.