डॅडारिओ ईजे१५ तारा: झिजलेल्या अंगठ्याचा अभिप्राय

माझी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाने फिरवण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलीची माळ्यावर पडलेली यामाहा एफ३१० गिटार खाली काढली आणि शिकायला बसलो. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. साधी सी कॉर्ड (काही सूर एकत्र वाजवायची बोटांची पकड) धरली तरी थोड्या वेळात हात झटकावा लागायचा. गिटारच्या दुकानात विचारलं तर म्हणे, "सगळ्यांचंच दुखतं काका, घट्टे पडले की थांबेल." घट्टे बोटांच्या टोकांना पडतात हो, सांध्याला कुठून पडणार?

गिटारवर १२-५३ च्या तारा होत्या, हा ईजे१५ संच १०-४७ चा. आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल. पण ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १०० भागिले १४४ करून बघा: त्याच सुरासाठी पहिल्या तारेवरचा ताण ३० टक्के कमी. ते हाताला लगेच कळतं. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली, तेव्हा त्यानेही बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या होत्या. कारखान्यातला माणूस, डोकं चालणारच.

नुसत्या तारा टाकून भागत नाही मात्र. ताण उतरला की गिटारची मान जरा मागे जाते आणि तारा फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून खरखरतात. माझ्याकडे पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तेच झालं. एलन कीने (षटकोनी पाना) ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळी, पाव फेरा ढिला केला, पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवली, सकाळी खरखर गेलेली. पान्याचा अंदाज नसेल तर या भानगडीत पडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. त्याला नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचाही बघायला सांगा. तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबली की पहिल्या फ्रेटवर जेमतेम कागदाएवढी फट हवी. ती जास्त असेल तर तारा कितीही बारीक घ्या, पहिल्या फ्रेटला जोर लागतोच.

आवाज? खर्ज पातळ होतो, हे खरं. घरात गुणगुणायला पुरतो, भजनात ढोलकीपुढे ऐकू येणार नाही. भरदार आवाज हवा असेल त्याने ११-५२ चा संच बघावा.

एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची) या तारांवरही माझ्याच्याने होत नाही. तिथे एफ मेजर सेव्हन घेतो, पहिली तार मोकळी सोडून तीन बोटांत काम होतं. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की पुढचे फ्रेट जवळजवळ येतात, बोटं कमी फाकवावी लागतात. सांधा दुखत असेल तर या तारा बेलाशक घ्या, आणि पहिली तार एक जास्तीची आणून ठेवा. बारीक असल्याने तुटते तीच आधी.