मुदत हुकली किंवा चूक राहिली: प्राप्तिकर विवरणपत्रासाठी कोणता मार्ग निवडावा?

ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण होत नाही अशा करदात्यांसाठी आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जुलैवरून वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली आणि तिथे संपली. ज्यांचे विवरणपत्र राहून गेले किंवा भरल्यानंतर ज्यांना त्यात चूक आढळली, त्यांच्यापुढे मुख्यतः चार मार्ग उरले: विलंबित विवरणपत्र, सुधारित विवरणपत्र, अद्ययावत विवरणपत्र म्हणजे आयटीआर-यू, आणि दुरुस्तीचा अर्ज. निवड करताना बहुतेक जण तारखेपासून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: हिशेब नीट केल्यावर सरकारला पैसे द्यायचे निघतात, की सरकारकडून परत मिळायचे?

कलम १३९(४) चे विलंबित विवरणपत्र आणि कलम १३९(५) चे सुधारित विवरणपत्र या दोहोंची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही एकच होती, आणि दोन्हींत परतावा मागता येतो. फरक किमतीत आहे. सुधारित विवरणपत्राला शुल्क नाही, ते कितीही वेळा भरता येते, आणि बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) ची (विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्याची) सूचना आली म्हणून ही वाट बंद होत नाही. मात्र करअधिकाऱ्याकडून आकारणी, म्हणजे करनिश्चिती, आधीच पूर्ण झाली असेल तर ती बंद होते. विलंबित विवरणपत्राला ५,००० रुपये शुल्क पडते, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये, आणि कर बाकी असल्यास दरमहा एक टक्का व्याज वेगळे द्यावे लागते.

तरीही विलंबाची खरी किंमत शुल्कात नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. वेगळी निवड केली नाही तर आता नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि नोकरदाराला जुनी प्रणाली निवडायची असेल तर ती मूळ मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडावी लागते. त्यामुळे गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता आणि कलम ८०सी ची गुंतवणूक यांच्या आधारावर वर्षभर कराचे गणित बसवलेल्या माणसाला, केवळ तारीख चुकली म्हणून, या सवलतींवर पाणी सोडावे लागते. शेअर विक्रीतील किंवा व्यवसायातील तोटाही पुढील वर्षांत ओढता येत नाही. घराच्या उत्पन्नाखालील तोटा तेवढा पुढे नेता येतो. ज्यांना यांपैकी काही लागू आहे त्यांनी शुल्काआधी हा हिशेब मांडावा.

३१ डिसेंबर उलटल्यावर आयटीआर-यू उरते. २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांवर नेली, म्हणून आकारणी वर्ष २०२१-२२ चे उत्पन्न दाखवण्याची मुदतही ३१ मार्च २०२६ अशी झाली. पण हा मार्ग एकाच दिशेने जातो: कर वाढत असेल तरच तो खुला आहे, परतावा मागण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा तोटा दाखवण्यासाठी नाही. प्रत्येक आकारणी वर्षासाठी तो एकदाच वापरता येतो, आणि कर आधी भरावा लागतो. शिवाय कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील एका निवृत्त गृहस्थांकडून पतसंस्थेतील ठेवींचे ८०,००० रुपये व्याज दाखवायचे राहून गेले. (आपल्याकडे ही चूक सहज होते, कारण टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा कर, कापला गेला नाही म्हणजे व्याज करमुक्त आहे असा समज असतो.) उपकरासह कर होतो १६,६४० रुपये. डिसेंबरअखेर सुधारित विवरणपत्र भरल्यास एवढी रक्कम आणि लागू असेल ते व्याज, इतक्यावर विषय संपतो. पुढे ३१ मार्च २०२७ पर्यंत आयटीआर-यू भरल्यास किमान ४,१६० रुपये जादा, आणि चौथ्या वर्षापर्यंत थांबल्यास किमान ११,६४८ रुपये जादा. ज्यांना चूक कळली आहे त्यांनी थांबण्यात काहीच लाभ नाही.

याउलट टीडीएस कापला गेला आहे, परतावा निघतो, आणि ३१ डिसेंबरही हुकला आहे, अशांना आयटीआर-यू कामाची नाही. त्यांनी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करावा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार तो आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो, पण त्यात अडचणीचे खरे कारण पटवून द्यावे लागते आणि उशिराने मिळालेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही.

कलम १५४ चा दुरुस्ती अर्ज वरील तिन्हींपासून वेगळा आहे. तो आपल्या विसरण्यावर नाही, तर नोंदींवरून उघड दिसणाऱ्या चुकीवर उपाय आहे, जसे फॉर्म २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) मध्ये दिसणाऱ्या टीडीएसचे श्रेय प्रक्रियेत न मिळणे. विसरलेले उत्पन्न किंवा नवी वजावट त्यात घालता येत नाही.

कोणतेही विवरणपत्र भरले तरी ई-पडताळणी ३० दिवसांत व्हावी लागते, अन्यथा पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरला जातो. ३१ डिसेंबरला भरलेले विवरणपत्र फेब्रुवारीत पडताळल्यास मुदतीबाहेर जाईल, म्हणून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ते काम त्याच बैठकीत पूर्ण करावे.