वाऱ्याच्या माळावर एअरोस्काउट

हॉबीझोनचे एअरोस्काउट एस हे १.१ मीटर पंखविस्ताराचे फोमचे विमान रिमोटवरचे पहिले विमान म्हणून उत्तम आहे, हे मलाही मान्य आहे. मात्र सातारा जिल्ह्यातल्या आमच्या माळावर, जिथे उन्हाळ्यात सकाळी दहानंतर वारा थांबायचे नाव घेत नाही, तिथे ते कितपत निभावते, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

विमानाचे वजन सुमारे पाऊण किलो, म्हणजे वाऱ्याच्या मानाने हलकेच. मोटर आणि प्रॉप (मोटरवर फिरणारे पाते) पंखांच्या मागे असल्यामुळे नाक जमिनीला टेकले तरी प्रॉप सहसा वाचतो. खरी मदत होते ती जायरोवर, म्हणजे विमानाचा कल ओळखणाऱ्या संवेदकावर, चालणाऱ्या ‘सेफ’ प्रणालीची. नवशिक्यांच्या मोडमध्ये स्टिक सोडल्या की विमान आपोआप सपाट होते, आणि झोत एका पंखाखाली शिरला तर आपला अंगठा हलण्यापूर्वीच एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) फिरलेले असते. हातातल्या वायुवेगमापकावर ताशी १२ ते १५ किलोमीटर दिसत असताना मी ते निर्धास्त उडवतो.

परंतु या विमानात जीपीएस नाही. पंख सपाट आहेत एवढेच जायरोला कळते. विमान जमिनीवरून कुठे वाहत चालले आहे, याचा त्याला पत्ता नसतो. सुरुवातीच्या दिवसांत मी गोंधळून पॅनिक बटण (विमान लगेच सपाट करणारे आणीबाणीचे बटण) दाबले, तेव्हा ते आज्ञाधारकपणे सपाट झाले आणि तसेच सपाट, शांतपणे, बाभळींत जाऊन अडकले. चूक माझीच होती, कारण विमान मी वाऱ्याच्या दिशेने दूर जाऊ दिले होते. तेव्हापासून ते स्वतःच्या पाठीमागे न नेता वाऱ्याच्या तोंडाकडेच ठेवतो.

वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की नवशिक्यांचा मोड अपुरा पडतो. त्यात नाक खाली करण्यावरही मर्यादा असते, त्यामुळे वाऱ्यात घुसताना विमान जागच्या जागी लटकल्यासारखे दिसते. अशा वेळी नवशिक्यांच्या आणि अनुभवींच्या मोडमधला, मधला मोड बरा. उलट वाऱ्याबरोबर वळल्यावर ते भलतेच वेगात दिसते आणि हात नकळत थ्रॉटल (मोटरची शक्ती) कमी करतो. हा मोह घातक आहे, कारण पंखांना उचल मिळते ती हवेच्या सापेक्ष वेगातून, आणि तो वेग वाढलेला नसतोच. उतरतानाही थ्रॉटल पूर्ण बंद न करता, समोरून वारा घेत, चाके टेकेपर्यंत थोडी शक्ती ठेवावी लागते. वळवता येणारे पुढचे चाक खडबडीत मुरमावर छान चालते. आडवा वारा मात्र जमिनीवरही एक पंख उचलतो.

२२०० एमएएचच्या बॅटरीवर निवांत हवेत मला आठ-नऊ मिनिटे मिळतात. वाऱ्यात मी टायमर सहा मिनिटांचा लावतो, कारण परतीचा प्रवास बहुधा वाऱ्याविरुद्धच करावा लागतो.