दागिने उजळून देणारे दारात आले तर आधी शेजाऱ्यांना हाक मारा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पडदे ओढलेले, दारं लोटलेली, घरोघरी कुलर सुरू. त्या आवाजात शेजारच्या फाटकाशी कोण बोलतंय ते ऐकूही येत नाही. फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये अशाच एका दुपारी दोघांनी माझ्या आईच्या पाटल्यांमधलं सोनं काढून नेलं. पद्धत जुनीच आहे, पेपरात अधूनमधून येतच असते. तरीही माणसं फसतात, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

मोटारसायकलवर दोघं आले. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पावडरच्या पुड्या. "आजी, कंपनीची जाहिरात आहे, पैसे नाही लागत. एखादं पितळेचं भांडं द्या." आईने देवघरातली समई दिली. ब्रशने पावडर घासून, फडक्याने पुसून त्यांनी ती लख्ख करून दिली. मग चांदीची जोडवी, तीही चकचकीत. इथवर काहीच खोटं नव्हतं, आणि विश्वास बसतो तो इथेच. मग एकजण सहज म्हणाला, "पाटल्या किती काळवंडल्या, आजी."

आईने मंगळसूत्र द्यायला साफ नकार दिला. पाटल्या मात्र दिल्या, त्याही समोर बसून. तिची नजर हटली नव्हती. त्यांनी आपल्याजवळच्या प्लास्टिकच्या डब्यात बाटलीतलं पाणी ओतलं, पाटल्या बुडवल्या आणि घरातली हळद मागून वर टाकली. नाकात झोंबणारा वास आला, तर "केमिकल आहे, मळ निघून राहिला" असं सांगितलं. थोड्या वेळाने पाटल्या धुऊन, पुसून हातात दिल्या. डबा झाकण लावून सोबत नेला.

सोनं त्या डब्यात गेलं होतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळतं, सराफ्यातल्या कोणालाही विचारा. विरघळलेल्या सोन्याने पाणी पिवळं होतं. हळद टाकली की तो पिवळेपणा संशयास्पद वाटत नाही. संध्याकाळी आईचं बोट पाटलीवरच्या नक्षीवरून फिरलं आणि ती चपापली. वेलीची उठावदार पानं बोटाला लागेनात. दुसऱ्या दिवशी इतवारीत सराफाकडे वजन केलं. पावतीवर ४० ग्रॅम, काट्यावर ३३.

खरा संताप मला आला तो त्यानंतर. समोरच्या काकूंनी त्या दोघांना खिडकीतून पाहिलं होतं. "मले वाटलं, तुमच्याकडे पाहुणे आले असन." मागच्या गल्लीतल्या एका घरी हीच जोडी आठवडाभर आधी येऊन गेली होती. तिथल्या वहिनींनी त्यांना हाकललं, फाटक लावलं आणि कोणालाच सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्याला कॅमेरा आहे, पण तो स्वतःच्या कारवर रोखलेला. रस्ता त्यात दिसतच नाही. यातलं कोणीही वाईट माणूस नाही. आईला बरं नसलं की डबा यांच्याच घरून येतो. पण वहिनींचा तेवढा एक मेसेज आला असता, तर आईने दार उघडलंच नसतं. आणि "म्हातारीला एवढंही कळलं नाही का" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, असं बोलू नका. या बोलण्याच्या भीतीनेच अनेक घरं तक्रार करत नाहीत आणि तीच टोळी पुढच्या वस्तीत जाते.

तक्रार कराच. आम्हाला आधी हद्दीचं कारण सांगून दुसऱ्या ठाण्यात जायला सांगितलं. तसं झालं तर अडून राहा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. जाताना दागिन्यांची जुनी पावती आणि सराफाकडून नवं वजन लिहून न्या. दागिना पुन्हा घासू-पुसू नका.

आता लेआउटच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या फोटोंपेक्षा कामाचे मेसेज जास्त येतात. अनोळखी माणूस दारोदार फिरताना दिसला की फोटो आणि गल्ली. ज्या घरी दुपारी म्हातारी माणसं एकटी असतात, तिथे मेसेजवर न थांबता फोन करायचा, कारण आई व्हॉट्सॲप संध्याकाळीच उघडते. कोपऱ्यावरच्या काकांनी कॅमेरा रस्त्याकडे वळवला. गावाला जाणारं घर शेजारी सांगून जातं. कोणी विचारलं, "कोणाकडे आले, भाऊ?" तर खऱ्या पाहुण्याला त्याचा राग येत नाही, हे आम्ही पाहिलं आहे.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. "पुढे लूटमार झाली, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून कागदात बांधा" असं कोणी म्हटलं तर तो पोलीस नाही. पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाहीत. मोठ्याने ओरडा, जवळच्या घराचं फाटक वाजवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आमचे दोघं अजून सापडलेले नाहीत. एक तिशीचा, बोलका, हिंदी मिसळून मराठी बोलणारा. दुसरा गप्प, सामान तोच काढतो. पावडरची पुडी आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा सोबत असतो. तुमच्या गल्लीत दिसले तर त्यांना बोलण्यात गुंतवू नका, भांडूही नका. त्या डब्यात आम्ल असतं. लांबून गाडीचा नंबर टिपा आणि ११२ लावा.