घाटात ट्रक गरम होतो: मोठा रेडिएटर आधी की तापमानाचं मोजमाप आधी?

कोकणातून चिरे भरून कुंभार्ली घाट चढणारा सहाचाकी, आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला निघालेला टेम्पो, फोंडा घाटाने मासळी वर नेणारी गाडी. मार्च ते मे या दिवसांत या सगळ्यांच्या मालकांपुढे एकच प्रश्न असतो. काटा लालकडे सरकतो, ड्रायव्हर वळणावर गाडी उभी करतो आणि माल उशिरा पोचतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी रेडिएटरचा कोर (आतली नळ्यांची जाळी) वाढवायला सांगतो, कुणी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला, कुणी इलेक्ट्रिक फॅन सुचवतो. हल्ली डिजिटल मीटर आणि जादा सेन्सरही सहज मिळतात. पैसे मोजके असतील तर आधी काय करावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे: मोजमाप आधी, मोठा रेडिएटर सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कूलिंग सुधारल्याने इंजिनाचा हॉर्सपॉवर वाढत नाही. फायदा वेगळाच आहे. आहे ती ताकद घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग वापरता येते, मध्ये थांबावं लागत नाही आणि नव्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) स्वतःहून ओढ कमी करत नाही. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने पाव भाग कूलंटमधून (इंजिनात फिरणाऱ्या पाण्यातून) बाहेर पडतो. चढावर पूर्ण लोड घेऊन पंधरा-वीसच्या वेगाने जाताना समोरून वारा जवळजवळ मिळतच नाही, म्हणून सगळा भार पंख्यावर येतो.

दमट हवेमुळे गाडी तापते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दमटपणाने घामाघूम होतो तो ड्रायव्हर. रेडिएटरला फरक पडतो तो हवेच्या तापमानाने आणि हवा किती वेगाने आत खेचली जाते याने. दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि आपले घाट चढतात पूर्वेला. म्हणजे वारा पाठीमागून येतो आणि हळू चालणाऱ्या गाडीला समोरून मिळायची तेवढी हवाही मिळत नाही. तोच लोड, तीच गाडी, पण सकाळी घाट सहज पार होतो आणि दुपारी दमछाक होते, त्याचं एक कारण हे आहे.

आता मोजमापाकडे येऊ. डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा फारसा विश्वास नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच संथ ठेवलेला असतो: तापमान बरंच वर-खाली झालं तरी काटा मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात आपला किनारा खारा. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनाच्या धातूतून मिळतं. तिथे गंज चढला, किंवा फिटरने आट्यांना जाड टेफलॉन टेप गुंडाळली, की सर्किटमध्ये रोध वाढतो. हे सेन्सर असे बनवलेले असतात की तापमान वाढलं की त्यांचा रोध कमी होतो. म्हणून वाढलेला रोध मीटरला ‘थंड’ वाटतो. म्हणजे बिघाड झाला की मीटर धोक्याच्या उलट बाजूला खोटं बोलतो. मासळीच्या गाड्यांत तर बर्फाचं खारं पाणी चासीवर सतत ठिबकत असतं, तिथे प्रत्येक अर्थिंग पॉइंट दर पावसाळ्यानंतर घासून साफ करायला हवा. आणखी एक धोका आहे: होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर आणि बझर हा माझ्या मते सगळ्यात आधी करायचा खर्च आहे. हेड गॅसकेटच्या कामापुढे तो काहीच नाही.

दुसरा खर्च दोन सेन्सरच्या डिजिटल मीटरचा. एक सेन्सर इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर, दुसरा रेडिएटरमधून परत येणाऱ्या खालच्या होजवर. ही जोडीच पुढचा सगळा निर्णय सोपा करते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला आहे आणि गाडी लोडने चढतेय, अशा वेळी वर-खालच्या आकड्यांत साधारण ६ ते १० अंशांचा फरक असतो. फरक याहून खूप जास्त, म्हणजे वर १०२ आणि खाली ८२, असा दिसला तर रेडिएटर पाणी चांगलं थंड करतोय, पण पाणीच कमी फिरतंय. दोष वॉटर पंपाच्या पात्यांत, ढिल्या बेल्टमध्ये, दबणाऱ्या होजमध्ये किंवा आतून चोंदलेल्या नळ्यांत शोधायचा. उलट दोन्ही आकडे वर आणि फरक मात्र नेहमीचा, म्हणजे १०४ आणि ९७, असं दिसलं तर पाणी नीट फिरतंय, कमी पडतेय ती हवा. मग पंखा, शराउड (पंख्याभोवतीचं हवा वळवणारं आवरण) आणि रेडिएटरची जाळी बघायची. पहिल्या परिस्थितीत मोठा रेडिएटर घेतला तर पैसे वाया जातात. दुसऱ्या परिस्थितीतही बहुतेक वेळा आहे तोच रेडिएटर पुरतो.

इन्फ्रारेड गनने हेच काम होईल का, असं विचारतात. उभ्या गाडीवर थोडंफार होतं, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचा आकडा देते (काळ्या रबरी होजवर धरावी), आणि चढावर लोडखाली काय चाललंय ते तिला कळत नाही.

हवा कमी पडते असं कळलं तर खर्च लहान कामांपासून सुरू करा. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत लाल माती, गवताचं बी आणि किडे यांचा थर बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र टॉर्च मारली तर उजेड पलीकडे जात नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेर, बेताच्या प्रेशरने पाणी मारायचं. जेट जवळ धरला तर फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या) आडव्या पडतात. शराउड फुटला म्हणून काढून टाकलेल्या कित्येक गाड्या इथे फिरतात. तो नसेल तर पंखा इंजिनावरची तापलेली हवाच पुन्हा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि कूलंट ९५ असेल तर उष्णता फेकायला ६० अंशांचा फरक मिळतो. आत येणारी हवा ४५ झाली की ५० उरतो, म्हणजे सहावा हिस्सा क्षमता गेली. शराउड बदलणं नव्या कोरपेक्षा कितीतरी स्वस्त.

पंख्याची तुलना थोडक्यात करतो. व्हिस्कस पंखा (सिलिकॉन तेलाच्या क्लचने जोडलेला) ट्रकसाठी सगळ्यात योग्य: गरज पडली की पकडतो, नाहीतर मोकळा फिरतो, त्यामुळे सपाटीवर ॲव्हरेज वाचतं. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवा. तो सैल फिरला तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. तो जाम करून कायमचा जोडून टाकणं हा तात्पुरता इलाज आहे, रोज डिझेल खाणारा. इलेक्ट्रिक पंखे लहान पिकअपला ठीक. भरलेल्या सहाचाकीला घाटात लागणारी हवा ते देऊ शकत नाहीत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सपाटीवर इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त जळतं, लायनर-रिंगची झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळणारा रस्ता बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटर टाळून थेट इंजिनात परत जातं आणि गाडी घाटात आणखी तापते. उकळत्या पाण्यात टाकून उघडतोय का बघा, नसेल तर त्याच अंशांचा नवा बसवा.

जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या टर्बो गाडीचं डिझेल वाढवून घेतलं असेल तर कूलंटचा आकडा पुरत नाही. टर्बोच्या आधी, धुराच्या मॅनिफोल्डमध्ये के-टाइप थर्मोकपल (खूप जास्त तापमान मोजणारा सेन्सर) बसवून धुराचं तापमान बघावं. पाणी तापायला मिनिटं लागतात, धुराचा आकडा काही सेकंदांत उडी मारतो. ६५० ते ७०० अंशांच्या वर तो बराच वेळ राहू नये. वर चढू लागला की एक गियर खाली यायचं: आरपीएम वाढतो, हवा जास्त मिळते, वॉटर पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. हा फुकटातला बदल चांगला ड्रायव्हर आपोआप करतोच, मीटर असला की नवशिकाही करू लागतो.

बीएस-६ गाडी (धुराच्या नव्या नियमांची, १ एप्रिल २०२० पासूनची) असेल तर कंपनीच्या सेन्सरला हात लावू नका. त्याच्या वायरीत रेझिस्टर घालून ईसीयूला ‘थंड’ भासवणारे किट विकले जातात. त्याने डिझेलचं गणित बिघडतं, वॉरंटी जाते, इंजिन वाचवणारी शेवटची सोयही जाते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांना आळा घालतं, हेही ध्यानात असू द्या. अशा गाडीत ओबीडी सॉकेटला (ईसीयूचे आकडे वाचायच्या जोडणीला) लावायचा स्कॅनर घ्या. ईसीयूला दिसणारा कूलंटचा आकडा तुम्हालाही दिसतो आणि काहीही कापावं लागत नाही. घाटात ओढ अचानक गेली तर त्या क्षणी तापमान किती होतं, हे त्यातून कळतं.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आणि तेच रेडिएटरमध्ये जातं. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मंनिम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज थांबवतं आणि लायनरला खड्डे पडू देत नाही. झाकणही तपासा: ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, सैल झालं की शंभरालाच.

एवढं सगळं करूनही दोन्ही आकडे वरच राहिले, तरच रेडिएटर. तांबं-पितळेचा तीन रांगांचा कोर जड आणि महाग, पण चिपळूण-रत्नागिरीकडे डाग देऊन दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिक टाकीचा हलका असतो, फुटला तर बहुधा नवाच. खाऱ्या वाऱ्यात दोघांच्याही फिन्स खालच्या कोपऱ्यातून जातात. बोट फिरवलं की तांब्याच्या हिरवट आणि ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या भुकटीने माखतं. बंदरावरच्या गाडीला मी तांब्याचाच घेईन, दुरुस्तीच्या सोयीसाठी. जाड कोर घेताना रांगांइतकंच फिन्सच्या दाटीकडे बघा: फार दाट जाळी लाल मातीने लवकर भरते आणि आहे तो पंखा तिच्यातून पुरेशी हवा ओढू शकत नाही.