नव्या अल्बमचा कार्यक्रम: गळ्याला दहापैकी नऊ, पेनड्राइव्हला दोन

माझं बिछायत अन् साऊंडचं काम आहे, आर्णी तालुक्यात. एप्रिल म्हणजे आमचा सुगीचा महिना, त्यामुळे जयंतीचा कार्यक्रम चटईवर बसून ऐकणं आमच्या नशिबी नसते. यंदा शेजारच्या गावातल्या मंडळाने साऊंड बाहेरून बोलावला. राग नाही, रेट जमला नाही एवढंच. म्हणून मोकळा होतो, गेलो.

गायिका नागपूरकडची. नाव सांगायची गरज नाही, तिचं पोस्टर सध्या आपल्याकडच्या दर दुसऱ्या पानठेल्यावर आहे. भीमगीतांचा नवा अल्बम यूट्यूबवर आला अन् तीच गाणी घेऊन ती यवतमाळ, वाशीम, अकोला असा दौरा करत फिरते आहे. बुद्धपौर्णिमेपर्यंत तारखा भरल्या आहेत म्हणतात. अल्बम मी आधी फोनवर ऐकला होता. गाणी चांगली, पण वरून इतकं संगीत ओतलं आहे की शब्द हुडकावे लागतात. तोच अल्बम स्टेजवर कसा उभा राहतो, हे पाहायचं होतं.

पोस्टरवर वेळ सायंकाळी सहाची. सहाला खुर्च्या होत्या अन् ऊन होतं. सातनंतर बाया-लेकरं जमली, तरी खालची जमीन तापलेलीच. मग सत्कार. शाल, श्रीफळ, आजी सरपंच, माजी सरपंच, पुढं होऊ घातलेले सरपंच. प्रत्येकाचं "दोन शब्द". पहिलं गाणं सव्वाआठच्या पुढे लागलं.

एरवी हे खपून जाते. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातून 15 दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते अन् 14 एप्रिल बहुतेक त्यात असतो. हा कार्यक्रम त्याच्या नंतरचा, त्यामुळे दहाला गाशा गुंडाळणं भाग होतं. म्हणजे जो वेळ शालींमध्ये गेला, तो सरळ गाण्यातून कापला गेला. पूर्वी दुय्यम कव्वालीचे मुकाबले रात्रभर चालत, एक पार्टी सवाल टाके, दुसरी पहाटेपर्यंत जवाब देत बसे. तेव्हा तासभर सत्कार झाला तरी कोणाचं काही जात नव्हतं. आता जाते. मंडळांनी सत्कार शेवटी ठेवून पाहावा. किती पाहुणे थांबतात तेही कळेल.

आता आवाज. बाईचा गळा पहिल्या दर्जाचा आहे. वरच्या पट्टीत जाताना माईक वीतभर लांब नेते अन् खाली उतरली की ओठाजवळ आणते. हे कोणत्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, कव्वालीच्या मंचावर बसून बसूनच येते. आजकालची पोरं माईक कुल्फीसारखा तोंडात धरतात अन् मग ऑपरेटरला शिव्या देतात. तिला तर मॉनिटरही, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवतात तो स्पीकर, धड नव्हता. होता, पण त्याचं तोंड पाहुण्यांच्या सोफ्याकडे केलेलं! बिचारी एका कानावर हात ठेवून गात होती, तरी सुरातून हलली नाही. बक्षिसाच्या नोटा आल्या तर त्या पेटीखाली सरकवायची अन् सगळी नावं गाणं संपल्यावर एकदम वाचायची. अंतरा तोडून "अमुक भाऊंकडून शंभर रुपये" म्हणणाऱ्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

पण नवी गाणी तिने ट्रॅकवर गायली. पेनड्राइव्ह लावला, त्यातून बेस, कीबोर्ड, कोरस सगळं तयार येते, अन् ही वरून गाते. दोन्ही बाजूंनी बेसचे डबे असे धडधडत होते की पोटात कळे, कानात नाही. लग्नाच्या वरातीला ते ठीक आहे. भीमगीतात माणूस शब्दाला आलेला असतो. सगळ्यात वाईट वाटलं ते ढोलकवाल्याचं. ट्रॅक चालू असला की तो दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर पाहत बसायचा, एखाद्या ठिकाणी बोटं आपोआप हलायची अन् तो ती परत आवरायचा. माझ्या मागे एक म्हातारी बसली होती, तिने तिसऱ्या गाण्याला मोठ्यानेच सांगितलं, "ते मशीन बंद कर ना वं माय, तुहं गाणं आयकाले आलो आमी!"

अल्बमातलं रमाईचं गाणं मात्र तिने फक्त पेटी-ढोलकवर घेतलं. का, ते माहीत नाही, पण तिथे कार्यक्रम वर चढला. रमाईच्या गाण्यात गोवऱ्या येणारच असं आपण धरून चालतो. इथे गोवऱ्या नाहीत. बाबासाहेब 1920 ते 1923 लंडनला शिकत होते, तेव्हा इकडे घर ओढणाऱ्या बाईचं हे गाणं आहे: पत्राची वाट, घरातला हिशेब, कोणाला न सांगितलेली उपासमार. शेवटच्या कडव्यात तिने ढोलकही थांबवला अन् ओळ नुसत्या पेटीवर म्हटली. फोनवर याच कडव्यावर व्हायोलिनचा ढीग आहे, म्हणून मी ते दरवेळी पुढे ढकलत होतो.

त्यानंतर वामनदादा कर्डकांची जुनी गाणी घेतली, सलग. वामनदादा 2004 साली गेले, पण बायांना गाणी तोंडपाठ आहेत. दादा गावोगाव फिरत होते तेव्हा कुठला आला ट्रॅक? इथे ढोलकवाल्याला रान मोकळं मिळालं अन् त्याने काही बाकी ठेवलं नाही. बेंजोवाला पोरगा नवा आहे, लय वाढली की घाबरते, होईल तयार.

बाकी व्यवस्था बरी. पिण्याचं पाणी थंड होतं, बायांची बाजू वेगळी अन् उजेडाची होती, शेवटी मसालेभात अन् मठ्ठा. मठ्ठ्यात मीठ जास्त. स्टेजच्या बाजूला टेबल टाकून अल्बमचे पेनड्राइव्ह विकत होते. दीक्षाभूमीवर पूर्वी कॅसेटींचे ढीग असत, त्याची आता ही गत. मी घेतला नाही, गाणी फोनमध्ये आहेतच.

कोण्या मंडळाला हिला बोलवायचं असेल तर बोलवा, पैसे वसूल आहेत. फक्त सुपारी देतानाच सांगा की ढोलक, पेटी, बेंजो अन् दोन कोरसवाले पाहिजेत, ट्रॅक नको. पार्टीला माणसं जास्त आणावी लागतात म्हणून ते थोडे कुरकुर करतील, गाडीभाडं वाढवून मागतील. द्या. तेवढे पैसे दोन बेस कमी सांगितले तर तिथेच निघतात. मॉनिटर गायिकेकडे तोंड करून ठेवायला सांगा, हे लिहावं लागते याचंच मला नवल वाटते. अन् तारीख संक्रांतीच्या आत पक्की करा, नंतर एप्रिल मिळत नाही. साऊंड कोणाचा लावायचा, ते मी सांगणार नाही. तुम्ही समजदार आहात.