शर्ट कोणी घालायचा?

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा सुरुवातीला आम्हीच सगळं करायचो. शर्ट 2 मिनिटांत चढायचा, सकाळची घाई निभायची. पण उजवा हात तसाच मांडीवर पडून राहायचा.

दुसरा मार्ग थेरपिस्ट ताईंनी दाखवला: बाबांनी स्वतः घालायचं. लुळा हात आधी बाहीत, मग चांगला, काढताना उलट. पहिल्या दिवशी 20 मिनिटं लागली, वरचं बटण राहिलंच. बघवत नव्हतं. तरी मला हाच मार्ग पटतो. आता आठवड्याचं एक छोटं ध्येय बाबाच ठरवतात, रक्तदाब मोजून डाव्या हाताने वहीत लिहितात, रविवारी गोळ्यांचा डबा भरतात. आंघोळीला मात्र अजून मी सोबत असतो. ओल्या फरशीवर त्यांचा तोल जातो.